राणीच्या बागेत पेंग्विन सोडून काय बघायचं? (आणि हे लाल फूल कुणाचं?)

शिवडीची_सून

मंडळी, परवाच्या रविवारी राणीच्या बागेत गेले होते. चिपळूणहून नणंद आणि तिची दोन पोरं आलीत. पोरांनी आठवडाभर आधीपासून "पेंग्विन, पेंग्विन" चालवलं होतं. शेवटी मी, नवरा, नणंद, पोरं आणि माझे सासरे असा सगळा कबिला निघाला. बाबा (सासरे) ७८ वर्षांचे आहेत. गुडघे कुरकुरतात, पण "मी पण येतो" म्हणाले. हे नवलच, कारण एरवी ते नाक्यापर्यंतसुद्धा येत नाहीत.

गर्दी म्हणजे लालबागच्या विसर्जनाची आठवण यावी अशी. पेंग्विनच्या रांगेत पाऊण तास गेला आणि काचेपुढे मिळाली दोन मिनिटं. धाकटा तर "एवढेसेच?" म्हणाला. वाघ झोपलेला, पाणघोड्याचं फक्त नाक दिसलं.

आता खरी गोष्ट. आम्ही रांगेत असताना बाबा एका झाडाखाली बाकावर बसून होते. परत आलो तेव्हा त्यांच्या हातात एक लाल फूल होतं, खाली पडलेलं. मी विचारलं तर म्हणाले, "हे झाड अजून आहे." बस, पुढे काही नाही. फूल खिशात घालून घरी आणलं. आता ते काळपट पडलंय, त्यामुळे फोटो टाकून उपयोग नाही.

माझे दोन प्रश्न. पहिला, हे फूल कुठलं असेल? दुसरा, बाबांना पुन्हा नेईन म्हणते, पण या वेळी शांतपणे. फार चालावं लागणार नाही असं काय काय बघता येईल?

भायखळेकर

रविवारी गेलात हीच पहिली चूक. आम्ही इथलेच, पण रविवारी त्या रस्त्याने जातसुद्धा नाही. मंगळवार किंवा गुरुवार धरा. बुधवारी बाग बंद असते, हे दर आठवड्याला कुणीतरी फाटकावर येऊन नव्याने शिकतं. सकाळी साडेनऊला तिकीट खिडकी उघडते, तेव्हाच हजर राहा. अकरानंतर शाळांच्या बसेस येतात. भायखळा स्टेशनवर पूर्वेला उतरा, दहा मिनिटांची चाल आहे. पण बाबांचे गुडघे असे असतील तर टॅक्सी करा, जवळचं भाडं म्हणून कुरकुर करेल तो, करू दे.

स्टेशनवर उतरलातच तर ती इमारत दोन मिनिटं उभं राहून बघा. १८५३ला पहिली गाडी ठाण्याला गेली त्याच मार्गावरचं स्टेशन. मधल्या काळात जाहिरातींच्या फलकांखाली आणि रंगाच्या थरांखाली बुजून गेलं होतं. नीट दुरुस्त केल्यावर युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

पानगळ

फूल ओळखायला माहिती हवी. झुबका होता की एकटं फूल? फांदीला लोंबत होतं की थेट खोडाला आलं होतं? वास होता का? पाकळीवर दुसरा काही रंग?

हापूस_की_पायरी

खोडाला असेल तर कैलासपती. मोठं गुलाबी-लाल फूल, मध्ये शिवलिंगासारखं, वर नागाचा फणा. बागेत आहेत ती झाडं. आमच्या शाळेची सहल गेली होती तेव्हा गुरुजी म्हणाले होते की खाली उभं राहू नका, तोफगोळा डोक्यात पडेल. फळं खरोखर तोफगोळ्यासारखी असतात. फुटली की वास असा की सहल आपोआप पुढे सरकते.

शिवडीची_सून

@पानगळ, खोडाला नाही. नवऱ्याने वर बघितलं होतं, तो म्हणतो झुंबरासारखे लांब घोस खाली लोंबत होते. वास काही नाही. पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका होता, एवढं मला नक्की आठवतंय, कारण भाची म्हणाली, "मामी, हिने नेलपॉलिश लावलंय." आणि झाडाची काही पानं सुकून लोंबल्यासारखी दिसत होती. मला वाटलं पाणी घालत नाहीत की काय.

पानगळ

अहो ताई, मग हा प्रश्नच संपला! उर्वशी.

ती पानं सुकलेली नव्हती, कोवळी होती. उर्वशीची नवी पालवी तांबूस-गुलाबी रंगाची, आणि ओल्या रुमालासारखी मरगळून खाली लोंबते. काही दिवसांनी त्यात ताठपणा येतो आणि ती हिरवी होतात. पिवळा ठिपका आणि लोंबते घोस या दोन खुणा पुरेत.

झाड मूळचं ब्रह्मदेशातलं. एकोणिसाव्या शतकात वॉलिच नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला तिथे सापडलं आणि गव्हर्नर जनरल अ‍ॅमहर्स्टच्या बायकोच्या नावावरून त्याचं शास्त्रीय नाव पडलं, अ‍ॅमहर्स्टिया नोबिलिस. नोबिलिस म्हणजे खानदानी. आपल्याकडे कुणी त्याला उर्वशी म्हटलं ठाऊक नाही, पण ज्याने म्हटलं त्याला साष्टांग नमस्कार. गव्हर्नरीणबाई एकीकडे आणि अप्सरा एकीकडे. बी सहसा धरत नाही, त्यामुळे कलमानेच वाढवावं लागतं. म्हणून हे झाड कुठेही सहज दिसत नाही. बाबांनी बरोबर झाडाखाली बाक पकडला.

हापूस_की_पायरी

ठीक आहे, तोफगोळा मागे घेतो.

तांबडी_जोगेश्वरी

राणीची बाग म्हणजे प्राणी, हेच आम्ही पुणेकर समजत होतो. झाडांचं एवढं काय आहे तिथे?

पानगळ

एवढंच आहे तिथे! आधी ती वनस्पती बाग होती, प्राणी नंतर आले. तीन हजारांवर झाडं आणि अडीचशेच्या वर जाती, तेही भायखळ्यासारख्या ठिकाणी, जिथे दोन इमारतींमधून धड हवा जात नाही.

थोडक्यात सांगतो, कारण बसायला लागलो तर थांबणार नाही. गोरखचिंच बघा, आफ्रिकेतलं झाड. खोड असं की चार माणसांनी हात धरले तरी पुरेना. उन्हाळ्यात निष्पर्ण असतं तेव्हा कुणीतरी उपटून उलटं लावल्यासारखं दिसतं. फुलं रात्री उमलतात, वटवाघळांसाठी. कृष्णवड बघा, ज्याच्या पानाला देठाजवळ द्रोणासारखा खिसा असतो. बाळकृष्णाने लोणी लपवलं होतं म्हणे. सीतेचा अशोक बघा, म्हणजे सोसायटीच्या कुंपणाला उभा असतो त्या उंच सरळ झाडाला अशोक म्हणणं तुम्ही आपोआप सोडाल. आणि मेणबत्तीचं झाड, ज्याला खरोखर पिवळ्या मेणबत्त्या लटकवल्यासारखी फळं येतात. पोरांना हे दाखवा. पेंग्विनची दोन मिनिटं विसरतील.

गिरगाव_चौपाटी

पेंग्विनवरून आठवलं. आमच्या सोसायटीतले एक काका दर वेळी म्हणतात, "बिचारे बर्फातले पक्षी, भायखळ्यात आणून घातले." ते बर्फातले नाहीतच. हम्बोल्ट जातीचे आहेत, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. तरी त्यांना मुंबईचा मे महिना झेपणार नाही, म्हणून आतलं तापमान १६ ते १८ अंश ठेवतात. २०१६च्या जुलैत सोलहून आठ आणले, त्यातला एक काही महिन्यांतच गेला. मार्च २०१७पासून लोकांना दाखवायला लागले. आणि त्याच वर्षी तिकीट ५ रुपयांवरून ५०वर!

भायखळेकर

हां, आता मुद्द्यावर आलात. आई-बाप आणि दोन पोरं मिळून १०० रुपये, हे मला मान्य आहे, सिनेमाला त्यात पॉपकॉर्नही येत नाही. पण सकाळी फिरायला येणाऱ्यांचा महिन्याचा पास ३०चा १५० केला त्याचं काय? आमच्या चाळीतली म्हातारी माणसं तिथे रोज जायची. त्यातली निम्मी आता जिन्यात बसतात.

सिंगापूर_स्लिंग

इथल्या बोटॅनिक गार्डन्समध्ये फिरायला एक पैसा लागत नाही. १८५९ची बाग, म्हणजे राणीच्या बागेच्या बरोबरीची. फक्त ऑर्किडच्या भागाला तिकीट आहे. २०१५ला जागतिक वारसा झाली. मी दर शनिवारी जातो आणि दर शनिवारी मला भायखळा आठवतं. प्राणी बघणाऱ्यांकडून पैसे घ्या, झाडाखाली बसणाऱ्यांकडून कसले घेता?

कंसातला_माणूस

सिंगापूरच्या काकांना विनंती, तिथलं उदाहरण दिलं की इथे धागा भरकटतो. प्राणी आणि झाडं एकाच कुंपणात आहेत, दोन फाटकं कशी करणार? आणि ५ रुपयांत काय अवस्था होती ती पाहिलीय आम्ही. कागद, वेफर्सच्या पिशव्या, माकडांना चणे. ५० केल्यावर जरा तरी शिस्त आली.

भायखळेकर

शिस्त तिकिटाने नाही आली, पहारेकऱ्यांनी आली. पण राहू दे.

सिंगापूर_स्लिंग

बरं, पुन्हा उदाहरण देणार नाही. (शनिवारी जाणार मात्र.)

दप्तरदार

इतिहासाकडे कुणी वळलं नाही म्हणून लिहितो. धागाकर्तीचं नाव "शिवडीची सून" आहे हा योग मोठा गंमतीचा आहे, कारण ही बाग मूळची शिवडीचीच म्हणायची.

अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया नावाची संस्था होती, तिची बाग शिवडीला होती. ती जागा पुढे गेली आणि १८६५च्या सुमारास तिथे दफनभूमी झाली. शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी आजही आहे, त्या जागी एके काळी रोपांचे वाफे होते. संस्थेने भायखळ्याला नवी बाग आखली आणि १९ नोव्हेंबर १८६२ला गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते ती उघडली. व्हिक्टोरिया राणीचं नाव दिलं, म्हणून राणीची बाग. १८७३ला ती नगरपालिकेकडे आली, आणि प्राणीसंग्रहालयासाठी जागा वाढवली ती १८९०ला. म्हणजे पानगळ म्हणतात ते बरोबर, झाडं यजमान आणि वाघ पाहुणा.

आज कागदोपत्री नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. पण टॅक्सीवाल्याला "राणीची बाग" म्हटलं की तो मान हलवतो. जिजाबाईंना मुजरा करून सांगतो, राणी म्हटलं तरी आता व्हिक्टोरिया कुणाच्या मनात नसते.

बाबांसाठी: फाटकाजवळच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. चालणं फारसं नाही. १८७२ला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट या नावाने उघडलं. बांधकाम मध्येच रखडलं होतं, कारण अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला आणि मुंबईतले भले भले शेटजी एका रात्रीत बसले. १९७५ला डॉ. भाऊ दाजींचं नाव दिलं. नाना शंकरशेठ, भाऊ दाजी आणि जॉर्ज बर्डवूड ही त्यामागची मंडळी. आतलं हिरवं-सोनेरी छत आणि मातीच्या छोट्या बाहुल्यांतून दाखवलेले मुंबईचे लोक, यासाठी जा. अधूनमधून दुरुस्तीसाठी बंद असतं, आधी चौकशी करा.

हत्तीवरून_पडलेला

आमच्या लहानपणी हत्तीवर बसवायचे! अंबारीसारखं लाकडी बाकडं असायचं, दोन्ही बाजूंना पाय सोडून पोरं. उंटही होता. मी एकदा उतरताना घसरलो, तेव्हापासून हे नाव. गावाहून पाहुणे आले की मुंबई दाखवायचा क्रम ठरलेला: राणीची बाग, तारापोरवाला मत्स्यालय, म्हातारीचा बूट. पाहुणे चौथ्या दिवशी परत जायचे, कारण दाखवायला काही उरायचं नाही.

दप्तरदारांनी दगडी हत्तीचं सांगितलं नाही?

दप्तरदार

सांगणारच होतो, तुम्ही आधी पडलात.

संग्रहालयाच्या आवारात काळ्या दगडाचा एक प्रचंड हत्ती उभा आहे. हा घारापुरीचा. पोर्तुगीज बेटावर उतरले तेव्हा धक्क्याजवळ हाच दिसला, म्हणून त्यांनी बेटाचं नाव एलिफंटा ठेवलं. १८६४ला इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला. उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आणून टाकले आणि पुढे १९१४च्या आसपास जोडून उभे केले. लोक लाँचने तासभर जाऊन एलिफंटा बघतात आणि ज्याच्यावरून ते नाव पडलं तो भायखळ्यात उभा. नीट बघितलं तर सांधे दिसतात.

अवांतर: काळा घोडाही इथेच आहे. सातव्या एडवर्डचा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा, ज्यावरून फोर्टातला तो चौक ओळखला जातो. १९६५ला तिथून हलवून बागेत आणला. चौकात २०१७ला नवा घोडा बसवला, त्यावर स्वार नाही. म्हणजे हत्तीविना एलिफंटा, आणि काळा घोडा भायखळ्याला. ही बाग मुंबईची माळ्यावरची अडगळ आहे, आणि माळ्यावरच चांगल्या वस्तू सापडतात.

सातव्या_मजल्यावरून

इतकं गोडगोड चाललंय म्हणून एक कडू. २००७च्या सुमाराला अख्ख्या बागेचं परदेशी धर्तीचं प्राणीसंग्रहालय करायचा ४०० कोटींच्या पुढचा आराखडा आला होता. नकाशावर जिथे पिंजरे आणि कृत्रिम खडक होते, तिथे जमिनीवर झाडं होती. काही बायकांनी ते ओळखलं. रोज फिरायला येणाऱ्या, झाडांची नावं माहीत असलेल्या. त्यांनी एकेक झाड मोजलं, यादी केली, वारसा समितीपुढे मांडली, आणि तो आराखडा तसा पुढे गेला नाही. पानगळ यांनी वर जे आकडे दिले, ते आपल्याला माहीत आहेत ते अशा मोजणीमुळे. आजही नवं बांधकाम निघालं की मी खिडकीतून आधी हिरवा भाग बघते, किती उरलाय ते.

कंसातला_माणूस

याला अनुमोदन. तिकिटावर भांडेन, यावर नाही.

तांबडी_जोगेश्वरी

पुढच्या मुंबई खेपेला बाग नक्की. बुधवार सोडून, हे लिहून घेतलंय.

शिवडीची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मंगळवारी जाऊन आलो. मी आणि बाबा, दोघंच. टॅक्सीने. (हो, कुरकुरला.)

भायखळेकर काका, तुमचं ऐकून साडेनऊला खिडकीवर होतो. आत शिरलो तेव्हा माळी झाडलोट करत होते आणि पक्ष्यांचा एवढा कालवा की बाबांना माझं बोलणं ऐकू येईना. आधी दगडी हत्ती बघितला. बाबांनी सांध्यावरून हात फिरवून "जोडाईचं काम बरं केलंय" म्हटलं. गिरणीत फिटर होते ते, त्यांचं प्रशस्तिपत्रक असंच असतं.

मग एका माळीदादांना विचारलं, "उर्वशी कुठेय?" ते हसले, म्हणाले, "आत्ता फुलावर आहे, बरोब्बर आलात." बाबांना विचारायची गरज नव्हतीच. ते पुढे चालत होते, मी मागे.

झाड तसं मोठं नाही. पण घोस असे लोंबत होते की खाली उभं राहिल्यावर फुलं कपाळाच्या वर जेमतेम वीतभर. पानगळ, ती ओल्या रुमालासारखी पानंही होती. बाबांना तुमचं सगळं वाचून दाखवलं होतं. उर्वशी हे नाव त्यांना माहीत नव्हतं. ते म्हणाले, "आम्ही याला काही म्हणतच नव्हतो."

बाकावर बसल्यावर बोलले. ब्याऐंशीचा संप जानेवारीत सुरू झाला. पहिले काही आठवडे "होईल मिटेल" असं होतं. मग घरी बसणं जड व्हायला लागलं. सासूबाई डबा भरून द्यायच्या, हे काम शोधायला म्हणून निघायचे. दोन-चार ठिकाणी विचारून व्हायचं, आणि उरलेला दिवस इथे. तिकीट काही पैशांचं होतं आणि दिवसभर कुणी उठवत नसे. खात्यातले आणखी दोघं यायचे. तिघं या झाडाखाली डबा खायचे. वाघ-सिंहाकडे एकदाही गेले नाहीत. फुलं पडलेली असायची, एक मित्र रोज एक उचलून घरी न्यायचा, बायको विचारायची नाही कुठे गेला होतास म्हणून. बाबांनी कधी नेलं नाही. नेलं असतं तर सासूबाईंना कळलं असतं की काम शोधत नव्हते.

मी विचारलं, "मग त्या रविवारी का आणलंत?"

म्हणाले, "आता विचारणारं कोण आहे?" सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली.

डबा नेला होता आम्ही. खायला परवानगी आहे की नाही ते न बघता पोळी-भाजी तिथेच खाल्ली, कागद पिशवीत परत आणला. (कंसातला_माणूस, नोंद घ्यावी.) येताना मी एक फूल उचललं. ते वहीत दाबून ठेवलंय, या वेळी रंग टिकतो का बघू. महिन्याच्या पासाला काय कागदपत्रं लागतात ते कुणाला माहीत असेल तर सांगा.

भायखळेकर

ओळखपत्राची प्रत आणि फोटो घेऊन जा, बाकीचं खिडकीवर सांगतील. आणि सकाळी आलात की चहाला आमच्याकडे. बाबा कुठल्या गिरणीत होते?